मोरिवली : जवळच्या एका खेड्याची भेट
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे ‘विलायतेतील एक खेडे’ असा विषय छापला आहे. चिटणिसांनी तो आम्हांस विचारूनच छापला, आणि त्या खेड्याविषयी आम्ही बोलणारही आहो. परंतु बोलता बोलता आम्ही आपणांस डर्बीशायरातून उचलून अंबरनाथजवळच्या मोरिवली गावी नेणार आहो. विलायतेची वर्णने ऐकण्याच्या आशेने जी मंडळी पुढच्या खुर्च्यांवर येऊन बसली आहेत, त्यांस ही सूचना आधीच दिलेली बरी.

आमची कन्या व जामात इंग्लंडात शेफील्ड शहरी असतात. त्यांच्याकडे आम्ही उभयता गेलो असता, एके रविवारी त्यांनी आम्हांस मोटारीने एका डोंगराळ भागातील खेडे पाहावयास नेले. गावाचे नाव लिहिताना ‘ईयाम’ असे लिहितात आणि उच्चारताना ‘ईम’ म्हणतात. गाव अगदी लहान. दगडी घरांची एक लांबट ओळ, मधोमध जुने देवालय, त्याच्या आवारात कबरी आणि बाराशे वर्षांपूर्वीचा कोरीव दगडी क्रूस. पाहू म्हटले तर अर्ध्या तासात पाहून व्हावे एवढेच. परंतु आम्ही तेथे सबंध दिवस होतो. कारण त्या गावातील घरे बोलतात.

हकीकत अशी. सन १६६५ च्या भाद्रपदाच्या सुमारास लंडनहून एका शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला आणि त्यातील पिसवांबरोबर प्लेग आला. माणसे पटापट मरू लागली. पुढील वर्षी उन्हाळ्यात तेथील धर्मोपदेशक विल्यम माँपेसन आणि त्यांच्या आधीचे धर्मोपदेशक टॉमस स्टॅन्ली या दोघांनी, परस्परांत मतभेद असताही, एकत्र येऊन गावकऱ्यांस समजाविले की, कोणी गाव सोडून जाऊ नये, म्हणजे रोग शेजारच्या गावांत पसरणार नाही. गावाने ते मानले. शेजारचे लोक शिवेवरच्या दगडाशी धान्य ठेवून जात, आणि गावकरी त्याचे पैसे दगडातील खळग्यांत शिरका घालून त्यात बुडवून ठेवीत. सुमारे दोनशे साठ माणसे दगावली. हॅनकॉक नावाच्या एका बाईने आठ दिवसांत आपला पती आणि सहा मुले स्वहस्ते पुरली. तो शिवेचा दगड अद्याप आहे, त्या कबरी आहेत, आणि ज्या ज्या घरी माणसे गेली त्या त्या घरापुढे मृतांची नावे लिहिलेली पाटी आहे.

आपल्याकडे १८९६ च्या प्लेगात मुंबईतून आपल्याच ज्ञातीची किती घरे उठून गावोगाव गेली, माळावर झोपड्या घालून राहिली, हे ज्येष्ठ मंडळींनी आपल्या आजीआजोबांच्या तोंडून ऐकले आहे. त्यांपैकी किती जणांची नावे कोठे लिहिलेली आहेत? असो, तो विषय निराळा आहे.

त्या देवालयात येणाऱ्या-जाणाऱ्यांस माहिती सांगणारे एक वृद्ध गृहस्थ होते. ‘आपण कोठले?’ असे त्यांनी विचारले. आम्ही अंबरनाथ म्हणून सांगितले, आणि आमच्या गावी साडेनऊशे वर्षांचे शिवालय आहे, हेही किंचित अभिमानाने सांगितले. गृहस्थांनी कुतूहलाने सर्व ऐकून घेतले आणि मग अगदी सहज विचारले, ‘ते देऊळ ज्यांच्या शेतात उभे राहिले ते लोक कोणत्या खेड्यांत राहत? ती खेडी आहेत का अजून?’ आजच्या विषयाचे मूळ या प्रश्नात आहे.

अंबरनाथच्या शिवमंदिराविषयी आपणांपैकी बहुतेकांस थोडेफार ठाऊक आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेस न गेलेले घर आपल्या अंबरनाथ-बदलापूर शाखेत विरळाच. तथापि जत्रेच्या दिवशी देव दिसतो, देऊळ दिसत नाही. म्हणून दोनचार गोष्टी सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. वालधुनी नदीच्या काठी काळ्या पाषाणात बांधलेले हे मंदिर पश्चिमाभिमुख आहे. मंडपातून गाभाऱ्यात जावयाचे तर पायऱ्या चढावयाच्या नसून उतरावयाच्या आहेत. देव जमिनीच्या पोटात बसला आहे, आणि वर शिखर नसल्याने त्याच्या डोक्यावर उघडे आकाश आहे. पावसाळ्यात पिंडीवर अभिषेक घालावयास पुजारी लागत नाही. पांडवांनी एका रात्रीत देऊळ बांधावयास घेतले आणि उजाडल्यामुळे शिखर राहून गेले, अशी लोककथा आहे. शिल्पशास्त्राचे जाणते या मंदिरास ‘भूमिज’ पद्धतीचे म्हणतात. या पद्धतीत शिखराच्या अंगावर लहान लहान शिखरांच्या उभ्या माळा रचीत नेतात. सिन्नरचे गोंदेश्वर याच पद्धतीचे, आणि माळव्यातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिरही याच घराण्यातले व याच शतकातले आहे. बाहेरील भिंतीवर पायापासून हत्तींची रांग, वर देवदेवता, अप्सरा, साधक, आणि एवढ्या गर्दीतही एकीचा चेहरा दुसरीसारखा नाही. ऊन कलते झाल्यावर पश्चिमेच्या बाजूस उभे राहून ती भिंत पाहावी. सकाळच्या घाईत ती पाहू नये, असे आमचे मत आहे.

देवळाच्या उत्तर दारावरील तुळईवर एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो प्रथम वाचला, तेव्हा शके ७८२ असा काल निघाला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पुन्हा वाचून पाहिले आणि पहिला आकडा सात नसून नऊ आहे, असे दाखविले. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० च्या सुमाराचा काल ठरला. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षे अलीकडे आले. त्या लेखात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मांवाणी अथवा मुम्मुणी या राजाचे नाव आहे, आणि त्याचा वडील बंधू छित्तराज याचाही संबंध या बांधकामाशी जोडला जातो. हे शिलाहार ठाण्याहून, म्हणजे तेव्हाच्या स्थानकाहून, राज्य करीत. १८६८ साली मुंबई सरकारच्या आज्ञेने जे. जे. कलाशाळेची मंडळी येथे आली, आणि त्यांनी या मंदिराची रेखाचित्रे व साचे घेतले. १८८२ साली ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरचा चौदावा खंड निघाला, त्यात देवळाचे वर्णन पानेच्या पाने आहे. तात्पर्य, देवळाची विचारपूस करणारे पुष्कळ झाले.

आता त्या इंग्रज गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळू. देवळास दगड लागला, तो फोडण्यास व वाहून नेण्यास माणसे व बैल लागले, त्यांस धान्य लागले, आणि ते धान्य भोवतालच्या शेतांतच पिकले असले पाहिजे. शिलाहार राजांस गावाची आणि शेताची किंमत पुरेपूर ठाऊक होती, हे त्यांच्या ताम्रपटांवरून दिसते. छित्तराजाचा शके ९४८ चा ताम्रपट भांडुपास सापडला. त्यात साष्टीतील एका गावचे एक शेत दान दिले आहे, आणि त्या शेताच्या चतुःसीमा शेजारच्या गावांची नावे घेऊन सांगितल्या आहेत. एका शेतासाठी तांब्याचे पत्रे कोरले! त्याच काळी कोकणात जमिनीच्या दानाजवळ ‘गद्धेगाळ’ नावाचे दगड उभे करीत. वर चंद्रसूर्य, खाली लेख, आणि त्याखाली दान मोडणाऱ्यास उद्देशून अशी एक शिवी कोरलेली असे की, ती या सभेत उच्चारता येणार नाही. अलिबागजवळील अक्षी येथील शके ९३४ चा तसा दगड मराठीच्या आद्य शिलालेखांत गणतात. आपल्या भाषेचे आरंभीचे एक लेखन शेताच्या रक्षणासाठी झाले, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

या भागातील गावांच्या नावांकडे कान देऊन पाहा. डोंबिवली, चिखलोली, मोरिवली, पलीकडे साष्टीत बोरिवली, कांदिवली. या शेवटच्या ‘वली’चे मूळ संस्कृत ‘पल्ली’ म्हणजे वस्ती, खेडे, असे विद्वान सांगतात. आगगाडीच्या फलाटावर उभे राहून आपण रोज ही नावे ऐकतो. प्रत्येक नावात एक खेडे आहे, हे मात्र आपल्या ध्यानात येत नाही. डोंबिवलीचे शहर झाले, बोरिवलीचे उपनगर झाले. मोरिवलीचे काय झाले, हे पाहण्यासाठी आम्ही पाचसहा मंडळी गेल्या पौषात एके दिवशी निघालो.

अंबरनाथ स्थानकावर उतरून ‘मोरिवलीस जावयाचे आहे’ असे म्हटले, तर रिक्षावाला विचारतो, ‘कोणती कंपनी?’ यातच निम्मी हकीकत आली. मोरिवली हे नाव आता कारखान्यांच्या फाटकांवर, मालाच्या पावत्यांवर आणि टँकरांच्या कागदपत्रांवर जितके वाचावयास मिळते तितके गावात मिळत नाही. रस्त्याच्या दोन्ही अंगांस भिंती, भिंतींच्या आत नळ्या, पिंपे, धुराडी. आणि नाकास एक आंबटतिखट वास, जो पहिल्या पाच मिनिटांत असह्य होतो आणि दहाव्या मिनिटास जाणवेनासा होतो. मोरिवलीत मोर पाहण्याची हौस धरून कोणी गेल्यास त्याची निराशा होईल.

कारखान्यांस नावे ठेवण्यासाठी आम्ही उभे नाही. हा प्रदेश कारखान्यांनी भरला त्यास मोठी परंपरा आहे. १८५४ त रेल्वे कल्याणास आली, १८५६ त या बाजूने घाटाच्या पायथ्यापर्यंत गेली. वाफेच्या एंजिनांस पाणी हवे म्हणून जी. आय. पी. रेल्वेने काकोळ्याच्या बाजूस धरण बांधले. त्यास लोक अद्याप ‘जीआयपी’च म्हणतात. रूळ आणि पाणी असल्यावर कारखाने यावयाचेच. धरमसी मोरारजींचा रसायनांचा कारखाना आला, ‘विमको’चा आगपेट्यांचा आला. ज्या काडीने आपल्या आजीने चूल पेटविली ती बहुधा अंबरनाथची असे. १९५३ साली सरकारी यंत्रांचा मोठा कारखाना सुरू झाला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि त्याच्या आरंभीच्या वसाहतींत अंबरनाथची गणना झाली. गिरगाव-दादरच्या चाळींतून आपल्या ज्ञातीची कितीतरी कुटुंबे अंबरनाथ-बदलापुरास येऊन राहिली, ती याच कारखान्यांच्या नोकऱ्यांमुळे आणि येथे जागा स्वस्त मिळे म्हणून. या सभागृहातील निम्म्या घरांची भाकरी त्या धुराड्यांखाली भाजली आहे. म्हणूनच ती ज्यांच्या शेतांवर उभी राहिली त्यांची ओळख करून घेणे, हे आपणांकडे इतरांहून अधिक लागते, असे आम्हांस वाटते.

गावठाण अद्याप आहे. भिंती संपल्या की अकस्मात एक वळण येते, आणि तुळशीवृंदावने, पायरीवर वाळत घातलेले पापड, आणि शेजाऱ्याशी मोठ्याने चाललेले बोलणे, असे सर्व एकदम सुरू होते. बहुतेक घरे सिमेंटची झाली आहेत. जुनी कौलारू घरे मोजकीच. एका घरी अंगणात मांडव पडत होता. हळदीची तयारी होती. पाहुणे म्हणून आम्हांसही चहा मिळाला, आणि मांडवाच्या सावलीत घरच्या वृद्ध मातोश्री आमच्याजवळ येऊन बसल्या. आम्ही कोणत्या कंपनीचे, हे त्यांनीही प्रथम विचारले. आम्ही कोणत्याच कंपनीचे नाही, गाव पाहण्यास आलो आहो, असे सांगितल्यावर त्यांस हसू आले. ‘गावात पाहण्यासारखे काय आहे? पाहावयाचे ते देवळात,’ असे त्या म्हणाल्या.

परंतु बोलणे शेतीवर गेले आणि त्यांचा सूर पालटला. पावसाआधी राब भाजावयाचा, म्हणजे शेणगोवऱ्या, पालापाचोळा, गवत यांचे थर जमिनीवर रचून पेटवावयाचे. त्या भाजलेल्या मातीत भाताचे बी टाकावयाचे. मग मृगाच्या सरी, मग चिखलणी, मग आवण. गुडघाभर पाण्यात ओणवे राहून दिवसाकाठी किती खाचरे लावून व्हावयाची, कोणाच्या शेतावर कोणी सावड करावयाची, आवण संपल्यावर कोणी कोणास जेवू घालावयाचे, हे सर्व त्यांनी असे सांगितले की जणू ते गेल्याच वर्षीचे आहे. गावालगतच्या ओढ्यात पहिल्या पावसात मुऱ्या नि खेकडे चढत, ते पकडावयास मुले रात्री बत्ती घेऊन जात. आम्ही विचारले, ‘आपले शेत कोठे होते?’ मातोश्रींनी बसल्या जागेवरून हात केला. हाताच्या दिशेस एक भिंत होती आणि भिंतीमागे एक उंच टाकी. त्यांनी शेताचे नाव सांगितले. तेवढ्यात त्यांचे दीर आले, ते खुर्ची ओढून बसले, आणि म्हणाले, ‘ते नव्हे, ते त्याच्या खालच्या अंगाचे.’ मग दोघांत वाद जुंपला. अर्धा तास आम्ही ऐकत होतो. त्या अर्ध्या तासात, भिंती आणि टाक्या होत्या त्या जागीच, आमच्या डोळ्यांपुढे एकामागून एक शेते मांडली गेली. कोणते आंब्याचे, कोणते बांधाचे, कोणते त्याच्या आकारावरून ओळखले जाणारे, आणि एक असे की त्याचे नाव तसे का पडले, हे दोघांसही सांगता येईना.

येथे एक लहानशी कारकुनी बाब सांगतो; ती आम्हांस फार महत्त्वाची वाटते. आपण ज्यास सातबाराचा उतारा म्हणतो त्यात गावाचे नाव, गट क्रमांक, भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, आकार इत्यादि रकाने असतात, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच कागदावर आणखी एक जागा असते : ‘शेताचे स्थानिक नाव’. म्हणजे शेताला नाव असते, ही गोष्ट सरकारनेही मान्य केली आहे आणि त्यासाठी कागदावर जागा सोडली आहे. व्यवहारात पुष्कळ उताऱ्यांवर ही जागा कोरी दिसते. तेथे काही लिहिले नाही म्हणून कोणाचे काम अडत नाही. आणि शेत एकदा औद्योगिक वसाहतीत गेले म्हणजे त्यास भूखंड क्रमांक मिळतो. मग स्थानिक नावाचा प्रश्नच उरत नाही. छित्तराजाने ज्या गोष्टीसाठी तांबे झिजविले ती गोष्ट आता एका मांडवाखाली दोन वृद्धांच्या वादात तेवढी उरली आहे.

मंडळींपैकी एकाने विचारले की, मोबदला मिळाला होता ना? दीर म्हणाले, मिळाला. आणि त्या वेळी तो मोठा वाटला. त्यात एक लग्न झाले, एक घर दुरुस्त झाले, आणि पैसे संपले. मुलास पुढे कारखान्यात काम लागले, नातू मात्र कंत्राटदाराकडे जातो. यात त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. भाताचा दर सांगावा त्या सुरात त्यांनी हे सांगितले. गेल्या काही वर्षांत मात्र एक निराळी धास्ती गावात शिरली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये एके रात्री रासायनिक धुराचा लोट अंबरनाथ शहरावर पसरला, लोकांचे डोळे चुरचुरले, घसे धरले, आणि रुळांवरसुद्धा समोरचे नीट दिसेना. शहरातल्या माणसाने त्या रात्री खिडक्या लावून घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचले. ज्यांचे घर कारखान्याच्या भिंतीस लागून आहे त्यांस खिडकी लावून काय साधणार?

आणि ती वालधुनी! काकोळ्याच्या डोंगरातून निघून देवळाच्या पायाशी येणारी, उल्हासनगरातून कल्याणास जाऊन उल्हास नदीस मिळणारी ही लहानशी नदी. कारखान्यांचे आणि शहरांचे सांडपाणी पोटात घेऊन ती वाहते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगर येथे या नदीत टँकरमधून रसायन सोडले गेले, त्याच्या वायूने शेकडो माणसांस रुग्णालयात न्यावे लागले. ज्या पाण्याच्या काठी शिलाहारांनी मुद्दाम देव बसविला, त्या पाण्यात आज हात बुडविण्यास भाविक धजत नाही. मोरिवलीहून परतताना आम्ही देवळाशी थांबलो. आत घंटा वाजत होती, बाहेर लोक नाकास रुमाल लावून पूल ओलांडीत होते.

इंग्लंडातील गोष्ट सांगितली ती त्या लोकांची थोरवी गाण्यासाठी नव्हे. त्यांनी आपल्या नद्या काय कमी नासविल्या! शेफील्ड हे तर पोलादाचे आणि धुराचे आगर होते. परंतु लिहून ठेवण्याची त्यांची चिकाटी मानली पाहिजे. अंबरनाथचे देऊळ झाल्यावर सुमारे पंचवीस वर्षांनी, १०८६ साली, त्यांच्या विल्यम राजाने गावोगावची मोजणी करविली. कोठे किती नांगर, किती गिरण्या, किती कुरण, सर्व एका ग्रंथात लिहविले. आणि आज एखादे दहा घरांचे खेडेसुद्धा, ‘आमचे नाव त्या ग्रंथात आहे’, असे प्रौढीने सांगते. १५३८ पासून प्रत्येक देवालयात बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद राहू लागली. ईममधील पाट्या रंगविता आल्या त्या अशा नोंदींमुळे. आणि १९४९ साली त्यांच्या पार्लमेंटाने कायदा केला की, खेड्यापाड्यांतील पायवाटा गावकऱ्यांच्या साहाय्याने शोधून नकाशावर चढवाव्यात, म्हणजे कोणासही त्या बुजविता येणार नाहीत. शेताच्या बांधावरून म्हातारी विहिरीकडे जाते ती वाट कायद्याने नकाशावर!

त्याच १९४९ साली आपल्या शेजारी काय घडले? ८ ऑगस्ट रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याणच्या लष्करी छावणीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. फाळणीने सिंधमधून उखडलेल्या लोकांस घर हवे होते, आणि युद्धकाळातील बराकी मोकळ्या होत्या. ते आवश्यकच होते. ज्यांचे गाव सुटले त्यांस येथे गाव मिळाले, ही या भूमीची पुण्याई समजली पाहिजे. आपल्या देशास तेव्हा पायवाटा मोजण्यास फुरसत नव्हती, आणि पुढेही ती झाली नाही.

एवढे सर्व ऐकून, ‘मग आपण करावे काय?’ असे कोणी विचारील. आमच्या ज्ञातीने कुलवृत्तांत छापले आहेत. त्यात प्रत्येक घराण्याचे मूळ गाव, कुलदैवत, गोत्र, शाखा, कोण कोठे गेला, कोणास दत्तक दिला, सर्व आहे. त्यासाठी आपल्या वडीलधाऱ्यांनी पायपीट करून, पदरमोड करून, घरोघरच्या पेट्या उघडून माहिती जमविली. ही विद्या आपणांस येते. ती आपल्या घरापुरती राखून ठेवण्याचे कारण नाही. ज्या गावांच्या शेतांवर आपली वसाहत उभी आहे त्यांच्या शेतांची, वाटांची, ओढ्यांची नावे लिहून घ्यावयास एक वही, एक पेन्सिल आणि चार रविवार लागतात. भूमिअभिलेख कार्यालयात जुना गावनकाशा मिळतो. तो समोर पसरून वृद्ध माणसाजवळ बसले की बाकीचे काम ती माणसे करतात. आपण मुकाट्याने लिहावयाचे. घाई आहे ती त्या माणसांच्या वयाची. मातोश्रींचे वय घरच्यांच्या हिशेबाने चौऱ्याऐंशी आहे.

आम्ही मोरिवलीस त्यानंतर आणखी दोनदा जाऊन आलो. वहीत आजवर सतरा शेते, दोन वाटा आणि एक बुजलेली विहीर इतके उतरले आहे. त्यांपैकी पाच शेतांच्या जागेविषयी दीर-भावजयीचे एकमत नाही. तेथे दोघांचेही म्हणणे लिहिले आहे. ही नावे या अंकात छापावयाचा मोह आम्ही आवरला. ती प्रथम त्या घरी वाचून दाखवावी, गावातील इतर जाणत्यांनी तपासावी, आणि गावाची संमती असेल तर मग छापावी, हे उचित. नातवाने वहीची पाने आपल्या फोनवर टिपून घेतली आहेत. ‘टाकी आहे तिथे आमचे काय होते, ते मला कधी कोणी सांगितले नव्हते,’ असे तो म्हणाला, आणि रात्रपाळीस निघून गेला.

कार्यकारी मंडळाने अनुज्ञा दिली आहे, तेव्हा माघातील दुसऱ्या रविवारी पुन्हा जावयाचे ठरते आहे. सकाळी आधी गाव, मग दुपारचे जेवण, आणि ऊन कलल्यावर देवळाची पश्चिमेची भिंत, असा क्रम राहील. स्वच्छ दिवस असल्यास वाटेत मलंगगडाचा सुळका दिसतो. १७८० साली इंग्रजांच्या कॅप्टन ॲबिंग्टनने त्यास वेढा घातला होता. ती हकीकत चालता चालता सांगू. ज्यांस यावयाचे असेल त्यांनी चिटणिसांकडे नाव द्यावे. मुलांस अवश्य आणावे, पाणी घरचे घ्यावे, आणि ज्यांचा दम्याचा विकार असेल त्यांनी गावातील भेटीऐवजी थेट देवळाशीच आम्हांस येऊन मिळावे. सकाळी साडेसातला अंबरनाथ स्थानकाबाहेर जमावयाचे आहे. रिक्षावाल्याने ‘कोणती कंपनी?’ असे विचारल्यास ‘गावात’ असे सांगावे.